चौथ्या खुंटीवरचा बॅज

कंपनीत तिला सगळे 'किती ताई' म्हणतात. खरं नाव हजेरीपटावर आहे, पण ते हजेरीपटाबाहेर फारसं पडत नाही. कुणी म्हणालं, आज फार उकडतंय, तर ती विचारते, "म्हणजे किती?" बस खूप उशिरा आली म्हटलं तरी तेच. चिडवायला विचारत नाही, तिला आकडा खरंच हवा असतो. वडील एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. तिथला आकडे पुसट झालेला एक थर्मामीटर त्यांनी घरी आणला होता. सात-आठ वर्षांची असताना ती अंघोळीच्या पाण्यापासून धाकट्या भावाच्या काखेपर्यंत सगळ्याचं तापमान वहीत लिहून ठेवायची. आई म्हणायची, हिला जेवायला वाढू नका, मोजायला द्या.

आता ती सेहेचाळीस वर्षांची आहे आणि एका स्टोअरची किल्ली गेली एकोणीस वर्षं तिच्याकडे आहे. मध्ये सहा आठवडे ती नव्हती. ही हकिकत त्या सहा आठवड्यांची.

कंपनी लहान, माणसं चौदा. मोठ्या पाइपांचे आणि बॉयलरचे वेल्डिंगचे जोड आतून धड आहेत की नाहीत, हे न कापता तपासायचं काम. डॉक्टर हाडाचा फोटो काढतात तसा हे लोक जोडाचा फोटो काढतात. त्यासाठी इरिडियम नावाच्या धातूचा पेन्सिलीच्या टोकाएवढा तुकडा वापरतात. त्यातून अष्टौप्रहर किरणं निघतात. ती बटण दाबून बंद करता येत नाहीत, जड धातूच्या पेटीत झाकून ठेवता येतात इतकंच. त्या पेटीला कॅमेरा म्हणतात. वजन वीस किलो, वर हँडल, लांबून पाहिली तर शिवणयंत्राचा डबा वाटावा. कंपनीकडे असे तीन कॅमेरे आहेत. रोज सकाळी आठला ते स्टोअरमधून निघतात आणि संध्याकाळी परत येतात. काढणारी आणि ठेवणारी ती.

पेटीतूनही थोडी किरणं झिरपतातच. म्हणून या धंद्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात की कमी वेळ थांब, लांब उभा राहा, मध्ये काहीतरी जाड ठेव. तीन कॅमेरे बाहेर काढायला तिला दीड मिनिट लागतं. हे मिनिटही तिने मोजलेलं आहे.

घरी सुरुवातीची पाच वर्षं सासूबाई तिचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायच्या.

"आई, किरणं कपड्यांना चिकटून घरी येत नाहीत."

"तुला काय ठाऊक? दिसतात का ती?"

एका रविवारी तिने कंपनीच्या साहेबांना विचारून किरणं मोजायचा मीटर घरी आणला. आधी स्वतःच्या अंगावरून फिरवला, मग सासूबाईंच्या, मग स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणि भिंतीवर. सगळ्यांत जास्त आकडा ओट्याच्या दगडाने दाखवला, कारण दगडात निसर्गतःच थोडी किरणं असतात. सासूबाई म्हणाल्या, "मग उद्यापासून ओटा वेगळा धू." पण बादली त्या दिवशी एक झाली.

दीड वर्षापूर्वी कॅप्टन आले. ते लष्करातून निवृत्त झालेले, पण तिथे कॅप्टन होते ते व्हॉलीबॉलच्या संघाचे. दुसऱ्या एका गावात एका गाडीतून असाच कॅमेरा चोरीला गेला होता. चोराने तो भंगारात घातला, भंगारवाल्याच्या दोन कामगारांनी तो फोडला आणि दोघांची बोटं गेली. त्यानंतर अशा प्रत्येक कंपनीने सुरक्षेसाठी वेगळा माणूस नेमावा असा हुकूम निघाला. कॅप्टन पहिल्याच दिवशी फाटकावरच्या पाटीसमोर उभे राहिले. पाटीवर किरणांची खूण, पिवळ्यावर काळा तीन पात्यांचा पंखा.

"हा पंखा इथे कशाला, बाई?"

"आत काय आहे ते येणाऱ्याला कळावं म्हणून."

"चोरसुद्धा येणाराच असतो. तुम्ही त्याला पत्ता लिहून देताय."

"आणि पाटी नसली, तर तो पेटी घरी नेऊन पलंगाखाली ठेवेल. वर त्याची पोरं झोपतील."

"चोराच्या पोरांची काळजी तुम्हाला?"

"त्यांनी कुठे चोरी केलीय?"

कॅप्टननी यावर दोन दिवस घेतले. मग फाटकावरची पाटी निघाली आणि तशाच पाट्या आत लागल्या. एक आतल्या दारावर, एक कॅमेरे ठेवायच्या जागेवर आणि एक प्रत्येक पेटीच्या अंगावर, न पुसणाऱ्या रंगात. रस्त्यावरून जाणाऱ्याला काही कळू नये, पण हात लावणाऱ्याला कळल्याशिवाय राहू नये, असं दोघांचं ठरलं.

पुढे असंच चालत राहिलं. कॅप्टनना दार आपोआप कुलूपबंद व्हायला हवं होतं. ती म्हणाली, बाहेरून होऊ दे, पण आत अडकलेल्या माणसाला नुसतं ढकलून निघता आलं पाहिजे. कॅप्टनना दोन किल्ल्या, दोन माणसं हवी होती, म्हणजे एकट्यादुकट्याला कॅमेरे काढता येऊ नयेत. ती म्हणाली, एकाच्या जागी दोघांनी किरणं खायची का? शेवटी दुसऱ्या माणसाने आपली किल्ली फिरवायची आणि तीन मीटर मागे, दारापाशी पिवळ्या रेघेवर जाऊन उभं राहायचं, असं ठरलं. तिथून सगळं दिसतं आणि किरणं जवळजवळ पोचत नाहीत. दुसरी किल्ली मामांकडे गेली. मामा म्हणजे स्टोअरचे जुने मदतनीस. त्यांचं म्हणणं, "नोकरी करावी तर अशी. नुसतं बघायचं आणि ते बघण्याची सही करायची."

सर्वांत मोठा बदल तिजोरीचा. आधी कॅमेरे जमिनीतल्या खड्ड्यात, शिशाच्या झाकणाखाली असत. झाकण पहारीने उचकटता येतं, असं कॅप्टननी स्वतः पहार घेऊन दाखवलं. मग आतल्या खोलीत भिंतीला पोलादी तिजोरी बसली. भिंत दीड फूट काँक्रीटची. पलीकडे पुढची खोली, तिच्यापलीकडे व्हरांडा. भिंतीची जाडी, तिजोरीची जागा, सगळं नकाशावर मंजूर झालेलं. तिजोरीला धोक्याची घंटा जोडली, आतल्या खोलीत सीसीटीव्ही लावला आणि पुढच्या खोलीत बॅजचा बोर्ड आला.

बॅज म्हणजे काड्यापेटीएवढी प्लॅस्टिकची डबी. स्टोअरमध्ये किंवा साइटवर जाणाऱ्या प्रत्येकाने ती छातीवर लावायची. त्या माणसाला किती किरणं लागली ते ती आत साठवते, पण वाचून दाखवत नाही. दर तीन महिन्यांनी सगळे बॅज प्रयोगशाळेत जातात, तिथून आकडे येतात आणि ते प्रत्येकाच्या जन्मभराच्या नोंदीत चढतात. आधी हे बॅज ऑफिसातल्या एका फळीवर पडलेले असत, कुणाचा कुठे ते शोधावं लागे. कॅप्टननी बारा खुंट्यांचा बोर्ड करून घेतला, प्रत्येक खुंटीला नंबर दिला आणि तो कुलपाच्या आत आणला. कुठली खुंटी रिकामी आहे यावरून कोण कामावर आहे ते एका नजरेत कळतं आणि परक्याच्या हाती बॅज लागत नाही. तिला ते पटलं होतं. बदलाच्या कागदावर तिचीही सही आहे. तिची खुंटी चौथी.

तीन महिन्यांनी लिफाफा आला.

नेहमी तिचा आकडा पॉइंट एकच्या आसपास असतो. हे माप मिलीसीव्हर्टमध्ये, इथे सगळे नुसतं मिली म्हणतात. वर्षाला वीस मिलीपर्यंत चालतं, पण कंपनीचा स्वतःचा नियम असा की तिमाहीत कुणाचा आकडा दोनच्या जवळ गेला की चौकशी. या वेळी तिच्या नावापुढे तीन पॉइंट चार होतं. मामांच्या नावापुढे दोन पॉइंट एक. आणि एक पॉइंट नऊ होतं लंबूच्या नावापुढे.

लंबू हा कंपनीतला सगळ्यांत उंच रेडिओग्राफर, म्हणजे जोडांचे फोटो काढणारा. तिमाहीच्या दुसऱ्याच दिवशी तो शिडीवरून पडला होता आणि ते तीन महिने पायाला प्लास्टर घालून घरी होता.

साहेबांच्या केबिनमध्ये साहेब, कॅप्टन आणि ती. साहेब पेपरवेट फिरवत होते. बोलले कॅप्टन.

"दोन्ही किल्लीवाल्यांचे आकडे चढलेत. तिसरा बॅज अशा माणसाचा, जो इथे नव्हताच. म्हणजे त्याचा बॅज लावून कुणीतरी आत गेलं. दोन किल्ल्या जुळल्या आणि तिसरा माणूस आत घेतला. बाई, माझ्या जागी तुम्ही असता तर काय म्हणाला असता?"

तिने खरंच विचार केला. "हेच म्हणाले असते."

साहेबांचं पेपरवेट थांबलं.

"पण मी गेले नाही," ती म्हणाली. "सीसीटीव्ही बघा ना."

"फुटेज तीस दिवसच राहतं. त्याआधीचे दोन महिने पुसले गेले."

"खिशातल्या डोसमीटरची नोंद आहे. रोजची." बॅजशिवाय ती पेनासारखा एक छोटा मीटरही खिशाला लावते. तो जागच्या जागी आकडा दाखवतो. त्या वहीप्रमाणे तिची तिमाहीची बेरीज पॉइंट एक चार होती.

"ती वही कोण लिहितं?"

"मी."

कॅप्टननी तेवढा एक शब्द कागदावर टिपून घेतला. त्यांना आवाज चढवायची सवय नव्हती.

चौकशी होईपर्यंत तिची आणि मामांची किल्ली काढून घेतली. ती फिल्मच्या जुन्या पाकिटांवर नंबर घालायला ऑफिसात बसली, मामा आवारातली झाडं छाटू लागले. चौकशी विरोधात गेली तर विश्वासाच्या माणसांच्या यादीतून नाव कमी होणार होतं. ही यादी सरकारदरबारी जाते. एकदा नाव कमी झालं की या धंद्यातली दुसरी कुठलीही कंपनी दारात उभं करत नाही. दुसरं काम तिला येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नको होतं.

आता किल्ल्या साहेबांकडे आणि कॅप्टनकडे. पहिल्या सकाळी दोघं आत गेले. ती व्हरांड्यात घड्याळ बघत उभी राहिली, कारण तिला कुणी उभं राहू नका असं सांगितलं नव्हतं. आतून कुलपांचा आवाज, मग साहेबांचा, "उलटी फिरवा, उलटी." मग काहीतरी खाली ठेवल्याचा दणका. अकरा मिनिटांनी तिसरा कॅमेरा बाहेर आला. कॅप्टनच्या खिशातल्या डोसमीटरवर नऊ मायक्रो. मायक्रो म्हणजे मिलीचा हजारावा भाग. तेच काम ती एका मायक्रोत करत होती.

"साहेब रेघेच्या मागे होते का?" तिने विचारलं.

"ते मदत करत होते," कॅप्टन म्हणाले.

"म्हणजे त्यांना पण नऊ."

साहेबांनी घाम पुसला. "तू हे आम्हाला घाबरवायला सांगतेस की मोजायला?"

"नऊमध्ये घाबरण्यासारखं काही नाही. पण रोजचे सकाळ-संध्याकाळ नऊ म्हणजे तिमाहीत जवळपास दीड मिली होतील. मग तुमच्यावर चौकशी लागायला फार उरत नाही."

घरी नवरा लेथवरून आलेला, हात केरोसीनने पुसत होता. त्याला सगळं सांगितलं.

"अगं, पण तू रात्रीची गेलीस कधी?"

"रात्री मी घोरत असते. तुम्हीच सांगत असता सगळ्यांना."

"तसं लिहून देऊ का त्या कॅप्टनला?"

"नवऱ्याच्या साक्षीला कोण विचारतंय?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "मी देते. मलाही ऐकू येतं भिंतीपलीकडे."

रागावण्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीने तिची झोप उडवली होती. तीन पॉइंट चार आलं कुठून? ती आत गेली नाही हे तिला माहीत होतं. पण डबी खोटं बोलत नाही, एकोणीस वर्षांत बोलली नव्हती. दोन्ही खरं असेल तर डबीला किरणं लागली आणि तिला लागली नाहीत. म्हणजे दोघी सोबत नसताना डबीचं काहीतरी झालं. मामांचं तर आणखी विचित्र. ते पिवळ्या रेघेवर तीन मीटर लांब उभे असतात. तिच्या जवळपास जाणारा आकडा त्यांचा येईलच कसा?

रविवारी ती लंबूकडे गेली. तो पाय स्टुलावर टाकून बसला होता. प्लास्टर निघालं होतं, पाय वाळलेल्या काठीसारखा.

"तुझा बॅज कुठे होता रे या तीन महिन्यांत?"

"कुठे असणार? खुंटीवर. पडलो तेव्हा सकाळ होती, अंगावर चढवलाच नव्हता."

"कुठली खुंटी?"

"तीन नंबर. ताई, तुम्ही बिस्किटं आणलीत का फक्त प्रश्न आणलेत?"

"बिस्किटं पिशवीत आहेत. तिसरी खुंटी. आणि मामांची पाचवी."

ती तिथेच एका पाकिटाच्या पाठीवर लिहू लागली. प्रयोगशाळेच्या यादीत नावं हुद्द्याप्रमाणे असतात, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिने ती आठवून खुंट्यांप्रमाणे लावली. पहिल्या खुंटीवर पॉइंट एक. दुसरीवर पॉइंट सहा. मग एक पॉइंट नऊ, तीन पॉइंट चार, दोन पॉइंट एक. सहावीवर पॉइंट पाच, आणि पुढे सगळे पॉइंट एक. लंबूने वाकून पाहिलं.

"हा तर डोंगर झाला."

"आणि शिखरावर मी," ती म्हणाली.

घरी येऊन तिने हिशेब केला. तिचा बॅज संध्याकाळी पाचपासून सकाळी आठपर्यंत आणि रविवारी अख्खा दिवस खुंटीवर असतो, आणि त्याच वेळी तिन्ही कॅमेरे तिजोरीत असतात. साइटवर गेलेल्या तासांचा आणि सुट्ट्यांचा हिशेब वजा-जमा करून तिमाहीचे साधारण चौदाशे ऐंशी तास. तीन पॉइंट चार मिलीला त्याने भागलं तर ताशी दोन पॉइंट तीन मायक्रो. शेजारून जाणाऱ्या माणसाला ते काहीच नाही, तो तिथे मिनिटभर असतो. पण बॅज तिथे राहायलाच होता.

सोमवारी सकाळी सातला, कॅमेरे बाहेर पडण्याआधी, तिने कॅप्टनना फाटकाजवळ गाठलं आणि घडी घातलेला कागद दिला.

"हा खिशात ठेवा. आत्ता उघडू नका. मला आत यायची परवानगी नाही, म्हणून मोठा मीटर तुम्ही धरा. मी दाराबाहेर उभी राहते."

"कागदात काय आहे?"

"तीन आकडे. तुम्ही मोजल्यावर ताडून बघा."

"जादू आहे की काय?"

"भागाकार आहे."

कॅप्टननी कागदाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. संशय घेणं हे त्यांचं कामच होतं, पण कुतूहल त्यांनाही होतं. तिजोरी उघडायची नव्हती, नियमापुरता दुसरा माणूस हवा होता, म्हणून मामांना झाडावरून खाली बोलावलं. कॅप्टननी पुढच्या खोलीचं दार उघडलं आणि मीटर घेऊन आत गेले. ती उंबऱ्याबाहेर.

"खोलीच्या मध्ये किती?"

"पॉइंट एक दोन."

"बोर्डाजवळ न्या. पहिल्या खुंटीसमोर. हात न हलवता दहापर्यंत मोजा."

"पॉइंट एक पाच."

"आता तिसरी."

मीटरची टिकटिक दाट झाली, ती दाराबाहेर ऐकू आली. कॅप्टन दहापर्यंत मोजून वीसपर्यंत थांबले. "एक पॉइंट तीन."

"पाचवी."

"एक पॉइंट चार."

"चौथी."

"दोन पॉइंट दोन." मग स्वतःशीच, "दोन पॉइंट तीन. पुन्हा दोन."

त्यांनी मीटर खाली ठेवला, कागद उघडला आणि वाचला. तिसरी, एक पॉइंट तीन. चौथी, दोन पॉइंट तीन. पाचवी, एक पॉइंट चार. त्यांनी कागद उलटा करून मागेही पाहिलं. मागे काही नव्हतं.

"या बोर्डामागे काय आहे?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न ती विचारणार होती, पण त्यांनीच विचारला.

मामांनी स्क्रू-ड्रायव्हर आणला. चार स्क्रू निघाले, बोर्ड खाली आला. मागे भिंतीत दोन इंचाचं गोल भोक होतं. त्यातून तीन वायरी बाहेर येऊन शेजारच्या घंटेच्या डब्यात गेल्या होत्या. वायरींच्या फटीतून पलीकडच्या तिजोरीचा हिरवा रंग दिसत होता. धोक्याची घंटा जोडणाऱ्यांनी वायरीसाठी भिंत आरपार सरळ भोसकली होती. सुताराला त्या लोंबत्या वायरी बऱ्या दिसल्या नाहीत, म्हणून त्याने बोर्ड नेमका त्यांच्यावर ठोकला. दीड फूट काँक्रीट नकाशावर शाबूत होतं. भोक नकाशावर नव्हतं.

मामा म्हणाले, "घ्या. कुंपणानेच शेत खाल्लं."

"हे काम मी उभं राहून करून घेतलं," कॅप्टन म्हणाले.

"आणि मी दर आठवड्याला याच खोलीत मीटर फिरवते," ती दाराबाहेरून म्हणाली. "मोजायच्या सहा जागा जमिनीवर आखलेल्या आहेत, जुन्या खड्ड्याच्या हिशेबाने. भिंतीपाशी एकही नाही. तिजोरी हलली तेव्हा खुणा हलवायला हव्या होत्या. मी त्याच सहा जागी मोजत राहिले आणि दर वेळी 'ठीक' लिहिलं."

मामांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि झाडाकडे परत गेले.

हे झाल्यावर गोष्ट मिटायला हवी होती, पण कागद माणसांपेक्षा सावकाश चालतात. साहेबांचं म्हणणं होतं, प्रयोगशाळेला 'तांत्रिक कारणामुळे बॅजना किरणं लागली' एवढंच कळवावं. भोक म्हटलं की तपासणीला माणसं येणार, मंजूर नकाशा उघडणार.

"तांत्रिक म्हणजे काय ते ते विचारतील," ती म्हणाली.

"विचारल्यावर सांगू."

"साहेब, माझ्या नावापुढे तीन पॉइंट चार जन्मभर राहणार आहे. त्याच्या शेजारी 'तांत्रिक' लिहिलेलं मला नको. भोक झालं असं लिहा."

साहेबांनी कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टन म्हणाले, "अहवाल मी लिहितो. भोक माझं आहे." त्यांनी दोन पानं लिहिली, लष्करी वळणाची, प्रत्येक वाक्याला नंबर. नववं वाक्य असं होतं: 'सदर दोन कर्मचाऱ्यांवर घेतलेला संशय निराधार ठरला.' तिने आपल्या सहा खुणांचं वाक्य दहावं म्हणून जोडून मागितलं. कॅप्टन म्हणाले, ते गरजेचं नाही. ती म्हणाली, तर मग तुमचंही नाही. दहावं वाक्य जोडलं गेलं.

तपासणीला दोन माणसं आली. साहेबांना भीती होती तेवढं काही झालं नाही. भोकात शिसं भरा, वायर वळणावळणाने न्या, नवा नकाशा पाठवा, आणि यापुढे भिंतीला ड्रिल लावण्याआधी मीटरवाल्याची सही घ्या, एवढं लिहून ती माणसं गेली. बोर्ड कुठे लावायचा यावर मात्र तासभर वाद झाला. कॅप्टनना तो कुलपाआड हवा होता, तिला किरणांपासून लांब. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला रखवालदाराची काचेची खोली आहे, तिथे तो लागला. बॅज आता रखवालदार चेहरा बघून हातात देतो. कॅप्टनना हे आधीपेक्षा बरं वाटतं, पण ते तसं म्हणत नाहीत.

मग प्रयोगशाळेचं पत्र आलं. बॅजचा आकडा ग्राह्य धरता येत नसल्यास तिन्ही व्यक्तींना प्रत्यक्षात किती किरणं लागली त्याचा पुराव्यासह अंदाज पाठवावा. लंबूचं सोपं होतं. हाडाच्या डॉक्टरने लिहून दिलं, शून्य. मामांचंही फार अवघड नव्हतं. तिचं काय? तिच्या वहीला एकटीला वजन नव्हतं, कारण वही तिचीच.

"फुटेज आहे," कॅप्टन म्हणाले. "पहिला लिफाफा आला त्याच दिवशी मी शेवटच्या महिन्याचं वेगळं काढून ठेवलं होतं."

"कशाला?"

"तुम्हाला पकडायला."

दोन दुपारी दोघं कॅप्टनच्या टेबलाशी स्क्रीनसमोर बसले. एका महिन्यात ती बावन्न वेळा तिजोरीसमोर उभी होती. कॅप्टन स्टॉपवॉच दाबत आणि ती आकडा लिहीत होती. स्क्रीनवर एक ठेंगणी बाई पुन्हा पुन्हा आत येत होती, किल्ली फिरवत होती, वाकून पेटी उचलून ट्रॉलीवर ठेवत होती, एकदाही न थबकता. तिसाव्या वेळेला कॅप्टननी चित्र थांबवलं.

"पेटी उचलताना तुम्ही तोंड फिरवता. दर वेळी. वास येतो का काही?"

"डोळे जरा लांब राहतात. अर्ध्या वितीने फरक पडतो."

"किती?"

"मोजलं नाही," ती म्हणाली. मग तिने वहीच्या समासात लिहून घेतलं, मोजायचं आहे.

सरासरी ब्याण्णव सेकंद निघाली. बावन्न गुणिले तीन महिने, त्याला ब्याण्णव सेकंद, त्याला तिजोरीसमोरचा मीटरचा आकडा. उत्तर पॉइंट एक सहा. तिच्या वहीतलं पॉइंट एक चार. कॅप्टननी दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि खाली सही केली. फरक का, असं तिने विचारलं. दोघांनी मिळून कारण शोधलं. शेवटच्या महिन्यात ट्रॉलीचं एक चाक अडकत होतं, त्यामुळे प्रत्येक फेरीला आठ-दहा सेकंद जास्त लागले होते. आधीचे दोन महिने चाक ठीक होतं. कॅप्टननी त्याच दुपारी चाक बदलून घेतलं.

प्रयोगशाळेने पॉइंट एक सहा स्वीकारला. जन्मभराच्या नोंदीत तीन पॉइंट चार राहिलंच, ते कुणी खोडत नाही. पण त्याच्यावर एक आडवी रेघ आहे, शेजारी खरा आकडा आहे आणि कारणाच्या रकान्यात 'भिंतीतील भोक' असे शब्द आहेत. तिने त्या पानाची प्रत मागून घेतली. सासूबाईंना दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा लावून आधी वरचा आकडा वाचला, मग खालचा. "खालचा लहान आहे ना? मग झालं," असं म्हणून पान परत दिलं.

किल्ली परत मिळाली त्या सकाळी साइटची गाडी आधीच फाटकाशी येऊन उभी होती. कॅप्टननी वही पुढे केली. किल्ली देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, वेळ, कारण. कारण त्यांनी आधीच भरलं होतं: संशय चुकीचा. तिने वाचलं, सही केली आणि वेळेच्या रकान्यात सात वाजून बावन्न मिनिटं लिहिली.

"कॅप्टन, अजून एक. तुम्ही आणि साहेबांनी या सहा आठवड्यांत किती घेतलं, ते कुठे लिहिलंय?"

"खिशातल्या मीटरची नोंद ठेवलीय. साहेब पाचशे चाळीस मायक्रो. मी पाचशे सत्तर."

"रोजचे नऊ-नऊ धरले तर साडेसहाशे व्हायला हवे होते."

"शेवटी शेवटी आम्ही सहा मिनिटांवर आलो होतो," कॅप्टन म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, फक्त मान जरा ताठ झाली होती.

"सहा मिनिटं बरी आहेत," ती म्हणाली. "पण गाडी थांबलीय."

मामा दुसरी किल्ली घेऊन आले होते. दोघांनी कुलपं उघडली. मामा पिवळ्या रेघेवर जाऊन उभे राहिले आणि तिने पहिल्या पेटीच्या हँडलला हात घातला.